बदली यंत्र आणि कामाचा हक्क



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, की सर, आयुष्यभर मीमांसा आणि न्याय शिकवलात, आता हे सर्व्हर आणि लायसन्स कुठून काढलंत? विचारणं रास्त आहे. झालं असं, की माझा एक जुना विद्यार्थी एका बँकेच्या संगणक विभागात आहे. तो सहज बोलता बोलता म्हणाला, की आमच्याकडे दोन मोठी यंत्रं आहेत. एक काम करतं, आणि दुसरं पहिलं बंद पडेल या तयारीत नुसतं उभं असतं. त्या उभ्या असलेल्या यंत्राचे पैसे किती द्यायचे, यावर विक्रेत्याशी दर वर्षी घासाघीस चालते. मी म्हटलं, अरे, हा तर थेट मालकीचा प्रश्न आहे, हा मी वर्गात पस्तीस वर्षं शिकवला. मग गेली दोनेक वर्षं मी त्याच्या मागे लागून हे सगळं समजून घेतलं. आज त्याचा इतिहास सांगतो. यंत्रशास्त्र मी बेताचंच सांगेन, आणि तुमच्यात जे त्या धंद्यातले आहेत त्यांनी थोडं सांभाळून घ्यावं.

आधी प्रश्न नीट मांडू. समजा, एका बँकेकडे आठ प्रोसेसरचं एक यंत्र आहे. प्रोसेसर म्हणजे प्रत्यक्ष हिशेब करणारा भाग, यंत्राचा मजूर म्हणा. या यंत्रावर जी प्रणाली चालते, ती आठ प्रोसेसरवर चालवण्याचा परवाना बँकेने विकत घेतलाय. दुसऱ्या गावात तसंच दुसरं यंत्र आहे. पहिल्यावर होणारा प्रत्येक व्यवहार क्षणाक्षणाला दुसऱ्यावर उतरवला जातो. पहिलं यंत्र जळालं, वीज गेली, पाणी शिरलं, तर दुसरं कामाला लागतं. याला फेलओव्हर म्हणतात. आता सांगा, दुसऱ्या यंत्रावर आठ प्रोसेसर चालवायला आणखी आठ परवाने लागतील का?

बँक म्हणते, मी काम एकच करतोय, फक्त जागा बदलली. विक्रेता म्हणतो, मी तुला परवानगी दिली ती त्या यंत्रापुरती. या यंत्राची तुझ्याकडे परवानगी नाही. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे. हक्क कशाला चिकटलेला आहे, यंत्राला की कामाला, हा तो मुद्दा. आणि याचं उत्तर कोणा तत्त्वज्ञाने बसून दिलेलं नाही. ते भाडेकरारांत, न्यायालयांत आणि किंमतीच्या तक्त्यांत हळूहळू घडत गेलं.

सुरुवात मालकीच नसलेल्या यंत्रांपासून होते. आयबीएम ही कंपनी १९११ साली वेगळ्या नावाने सुरू झाली, १९२४ साली तिला हे नाव मिळालं. छिद्रं पाडलेल्या कार्डांवर हिशेब करणारी तिची यंत्रं ती विकत नसे, भाड्याने देई. यंत्र तुमच्या कचेरीत असे, पण मालक आयबीएम. अमेरिकी सरकारने यावर खटला भरला आणि जानेवारी १९५६ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला, की यंत्रं विकण्याचाही पर्याय कंपनीने दिला पाहिजे. तरी पुढची कित्येक वर्षं बहुतेक गिऱ्हाइकं भाड्यानेच घेत राहिली. कारण साधं होतं, यंत्रं फार महाग होती आणि लवकर जुनी होत.

भाडं कसं मोजायचे ते मला फार आवडलं. महिन्याच्या भाड्यात १७६ तास मिळत. बावीस दिवस गुणिले आठ तास, म्हणजे माणसाच्या एका पाळीचा महिना. त्यावर यंत्र चालवलंत तर जादा आकार. एप्रिल १९६४ मध्ये जाहीर झालेल्या सिस्टिम ३६० या प्रसिद्ध यंत्रावर त्यासाठी मीटर बसवलेला असे, आपल्या विजेच्या मीटरसारखा. खरं म्हणजे दोन मीटर असत. एक गिऱ्हाइकाच्या वापराचा, आणि दुसरा कंपनीचा माणूस दुरुस्तीला आला की त्याच्या वेळेचा. किल्ली फिरवून तो आपला मीटर चालू करायचा. म्हणजे यंत्र तेच, वीज तीच, पण या तासाला ते कोणासाठी चालतंय हे किल्लीने ठरायचं. ही किल्ली लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

या काळात प्रणाली, म्हणजे सॉफ्टवेअर, फुकट मिळे. फुकट म्हणण्यापेक्षा यंत्राच्या भाड्यातच धरलेलं असे. त्यामुळे परवान्याचा प्रश्नच नव्हता. दुसरीकडे काही लोक मात्र अस्वस्थ होते. मार्टिन गोएट्झ हे त्यांतलं मोठं नाव. अप्लाइड डेटा रिसर्च या कंपनीत ते स्वतंत्र प्रोग्रॅम विकू पाहत होते, आणि एप्रिल १९६८ मध्ये माहितीची क्रमवारी लावण्याच्या पद्धतीवर त्यांना पेटंट मिळालं. ते सॉफ्टवेअरचं पहिलं पेटंट मानलं जातं. जी वस्तू मोठा व्यापारी फुकट वाटतो ती विकायची कशी, हा त्यांचा सवाल. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकी सरकारने आयबीएमवर पुन्हा मक्तेदारीचा मोठा खटला भरला, आणि त्याच वर्षी २३ जूनला कंपनीने जाहीर केलं, की यापुढे यंत्राची किंमत वेगळी आणि प्रोग्रॅमची वेगळी. पहिल्या खेपेला असे सतरा प्रोग्रॅम होते. यंत्राच्या किंमती कमी केल्या त्या फक्त तीन टक्क्यांनी! इतकी वर्षं जे 'फुकट' मिळत होतं त्याची कंपनीने स्वतः ठरवलेली किंमत ती एवढीच, असा कोणी अर्थ काढला तर त्याला काय म्हणणार?

पण त्या दिवशी एक नवीन वस्तू जन्माला आली, आणि तिची जात कोणती हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. यंत्र उचलून दुसऱ्या खोलीत नेता येतं, तेव्हा पहिली खोली रिकामी होते. प्रोग्रॅम दुसरीकडे नेला तर पहिल्या ठिकाणी तो तसाच राहतो. दिल्याने न संपणारी वस्तू विकायची म्हणजे तिला कुठेतरी खुंटी ठोकावी लागते. ती खुंटी ठोकली गेली यंत्राच्या अनुक्रमांकावर. करारात लिहायचं, की हा प्रोग्रॅम अमुक क्रमांकाच्या यंत्रावर चालेल. ते यंत्र नादुरुस्त असेल तर तात्पुरतं दुसऱ्या यंत्रावर चालवायला मुभा, अशी कलमं तेव्हापासूनच करारांत येऊ लागली. आपल्या आजच्या विषयाचं बीज त्या एका सवलतीत आहे.

कायद्यानेही यंत्राचीच खुंटी धरली. १९८० साली अमेरिकेने कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती केली. तिच्या कलम ११७ प्रमाणे प्रोग्रॅमच्या प्रतीचा जो मालक आहे, त्याला यंत्रावर चालवण्यासाठी लागणारी प्रत करता येते, आणि जपून ठेवायलाही एक करता येते. वाचताना वाटतं, सुटलो. पण 'मालक' हा शब्द बघा. विक्रेते म्हणाले, आम्ही तुम्हाला मालक केलंच नाही, आम्ही तुम्हाला परवाना दिला. १९९३ साली एमएआय विरुद्ध पीक या खटल्यात अमेरिकेच्या नवव्या मंडळ न्यायालयाने तेच उचलून धरलं, आणि वर असं म्हटलं, की यंत्र सुरू केल्यावर प्रोग्रॅम स्मृतीत उतरतो तीसुद्धा प्रतच. म्हणजे दुरुस्तीला आलेल्या त्रयस्थ माणसाने नुसतं यंत्र सुरू केलं तरी नक्कल झाली! १९९८ मध्ये कायदा बदलून दुरुस्तीपुरती सुटका करावी लागली. आपल्याकडे १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, नुकसान होऊ नये म्हणून तात्पुरत्या संरक्षणापुरती जादा प्रत ठेवायला मुभा आहे, आणि तिथे मालक न म्हणता कायदेशीर ताबेदार म्हटलंय. आपल्या शेतजमिनीच्या भाषेत सांगायचं तर मालकीच्या ऐवजी वहिवाट पाहिली. मला ते जास्त शहाणपणाचं वाटतं.

असो. आता बदली यंत्राकडे येऊ.

बदली हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. तुमच्यातल्या गिरणगावच्या लोकांना तो आठवत असेल. मुंबईच्या कापड गिरण्यांत कायम कामगारांशिवाय बदली कामगार असत. सकाळी भोंगा झाला की ते गेटवर उभे राहत. कोणी गैरहजर असला तर त्याच्या सांच्यावर बदलीला घेत, नसला तर घरी जा. १९३५ साली गिरणीमालकांच्या संघटनेने त्यांना कार्डं देऊन जरा शिस्त आणली. पण मूळ व्यवहार तोच राहिला. मजुरी काम केल्या दिवसाची, उभं राहिल्याची नाही. थांबण्याची सगळी किंमत थांबणाराच देत होता. संगणकांच्या गोष्टीतही भांडण शेवटी यावरच येतं, की थांबण्याची किंमत कोणाच्या खिशातून जायची. फरक असा, की यंत्राला पोट नाही. म्हणून ती किंमत गिऱ्हाइकाने द्यायची की विक्रेत्याने सोडायची, एवढाच सवाल उरतो.

सुरुवातीला ती किंमत वाटून घेण्याची युक्ती निघाली. १९७८ साली फिलाडेल्फियात एका कंपनीने तयार यंत्रांचं एक सामाईक ठाणं उघडलं. पुढे तीच सनगार्ड झाली. अनेक बँकांनी मिळून वर्गणी द्यायची, आणि ज्याचं यंत्र बंद पडेल त्याने तिथे जाऊन काम करायचं. गावकीच्या विहिरीसारखं. सगळ्यांच्या विहिरी एकदम आटणार नाहीत, हा त्यामागचा हिशेब. त्याच दशकात टँडेम या कंपनीने वेगळा रस्ता धरला. १९७६ पासून तिची यंत्रं बाजारात आली, त्यांत एकाच पेटीत प्रोसेसरांच्या जोड्या असत, एक थांबला की दुसरा त्याचं काम उचले. पेटी एकच, त्यामुळे परवान्याचा तंटा नाही. तंटा सुरू होतो तो दोन पेट्या, दोन गावं आणि दोन अनुक्रमांक आले की.

१९८८च्या जूनमध्ये आयबीएमने एएस/४०० नावाचं यंत्र आणलं. मध्यम आकाराचे कारखाने, वितरक, बँका, रुग्णालयं यांचं ते आवडतं यंत्र. वर्षानुवर्षं कोपऱ्यात उभं राहायचं आणि बंद पडायचं नाही. त्याच्या प्रणालीच्या कुलपाला लांबलचक अक्षरांची किल्ली लागे, आणि ती किल्ली त्या यंत्राच्या अनुक्रमांकापुरतीच चाले. बदली यंत्रावर तीच किल्ली घातली तर कुलूप उघडत नसे. आयबीएमने स्वतःच्या प्रोग्रॅमांना सत्तर दिवसांची सवड ठेवली. किल्ली नसली तरी तेवढे दिवस प्रोग्रॅम चाले, तोवर नवी किल्ली मागवा. हा शहाणपणा मला आवडला. घर जळत असताना कुलूपवाल्याला फोन करायला लावू नये. पण त्याच यंत्रावर इतर छोट्या विक्रेत्यांचे प्रोग्रॅम असत, पगाराचे, मालसाठ्याचे, आणि त्यांतल्या सगळ्यांनी अशी सवड ठेवलेली नसे. माझा विद्यार्थी सांगतो, की सरावाच्या दिवशी मोठी प्रणाली सुखरूप उभी राहते आणि अडतं ते अशाच एखाद्या किरकोळ प्रोग्रॅमच्या किल्लीपाशी. आणि विक्रेत्याचं ऑफिस शनिवारी बंद!

याच यंत्राची आणखी एक गंमत सांगतो. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच्या काही मॉडेलांवर, पडद्यासमोर बसून काम करणाऱ्या लोकांसाठी किती ताकद वापरायची याची मर्यादा पैशांनुसार ठरलेली असे. मर्यादा ओलांडली की सीएफआयएनटी नावाचं यंत्राचंच एक अंतर्गत काम जागं होई आणि प्रोसेसरचा वेळ खाऊ लागे, म्हणजे तुमचं काम मंदावे. यंत्रात ताकद आहे, तुमच्या खोलीत आहे, आणि ती तुम्हाला मिळू नये म्हणून यंत्र स्वतःलाच दमवतंय. तत्त्वज्ञानाच्या परीक्षेत 'क्षमता आणि अधिकार यांतला भेद सोदाहरण स्पष्ट करा' असा प्रश्न आला, तर याहून चांगलं उदाहरण मला सुचणार नाही.

या भेदातूनच पुढची पायरी आली. कारखान्यातून यंत्र निघतानाच त्यात जास्तीचे प्रोसेसर घालून पाठवायचे, पण निजलेले. हवे तेव्हा पैसे भरा, संकेतांक घ्या, आणि जागे करा. मोठ्या मेनफ्रेम यंत्रांसाठी यातूनच कॅपॅसिटी बॅकअप, म्हणजे सीबीयू, नावाची सोय झाली. बदली यंत्रात थोडेच प्रोसेसर जागे. मूळ यंत्र पडलं तर बाकीचे तात्पुरते उठवायचे. खऱ्या आपत्तीत नव्वद दिवस, सरावासाठी दहा दिवस. मुदत संपली की परत निजले. गिरणीच्या गेटवरचा बदली कामगार तो हाच, फक्त त्याला उभं राहण्याचीही थोडी मजुरी मिळू लागली, म्हणजे ती विक्रेत्याला मिळू लागली.

आणि या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत एएस/४००च्या वंशातल्या यंत्रांसाठीही सीबीयू आलं. या व्यवहारात मला खरा बदल दिसतो, म्हणून जरा थांबून बघू. इथे बदली यंत्राचे प्रोसेसर जागे करण्यापलीकडे जाऊन मूळ यंत्राचे परवानेच तात्पुरते त्याच्याकडे हलवायला मान्यता मिळाली. नियम असे. दोन्ही यंत्रांची अनुक्रमांकांसह जोडी म्हणून नोंद करायची. हे मूळ, हे त्याचं बदली. बदली यंत्रावर निदान एका प्रोसेसरचा कायमचा परवाना हवा, कारण रोजचे व्यवहार उतरवून घ्यायला ते थोडं तरी जागं असावं लागतं. मूळ यंत्रावर एकाहून जास्त परवाने हवेत. मग मूळ यंत्र पडलं, किंवा देखभालीसाठी मुद्दाम थांबवलं, किंवा सराव करायचा असला, की मूळचे परवाने बदलीवर न्यायचे. अट एकच, पण ती कळीची: तोच परवाना दोन्हीकडे एकाच वेळी वापरायचा नाही. मूळ यंत्र उठलं की परवाना घरी परत.

आता बघा काय झालं. अनुक्रमांकाची खुंटी काढली नाही, उलट दोन अनुक्रमांक नोंदले. पण हक्क आता या दोघांच्या मध्ये चालू लागला. आठ प्रोसेसरांचं काम करण्याचा हक्क, तो या पेटीत असेल नाहीतर त्या पेटीत. बँकेचं मूळ म्हणणं, की मी काम एकच करतोय, ते विक्रेत्याने निम्मं मान्य केलं.

निम्मंच का, तर 'एकाहून जास्त परवाने हवेत' या अटीमुळे. ज्याच्या यंत्राला एकाच प्रोसेसरचा परवाना आहे, अशा लहान कारखानदाराकडे हलवायला काही उरतच नाही. त्याला बदली यंत्रासाठी पहिल्याइतकाच परवाना पुन्हा विकत घ्यावा लागतो. मोठ्याला सोळाच्या जागी सतरा, लहानाला एकाच्या जागी दोन. थांबण्याची किंमत सगळ्यांत जास्त प्रमाणात कोणावर पडली? ज्याला ती सगळ्यांत कमी परवडते त्याच्यावर. बदली यंत्रच न घेणारे लहान धंदे मग वाढतात, आणि एखाद्या पावसाळ्यात तळमजल्यावरचं यंत्र पाण्याखाली गेलं की महिनाभर बिलं हाताने लिहितात. मला वाटतं, या सगळ्या इतिहासातली अन्यायाची जागा हीच आहे, आणि ती एका ओळीच्या अटीत लपलेली आहे.

इथे माझ्या जुन्या विषयाला थोडी वाट देतो, रागवू नका. मीमांसेत, जैमिनीच्या सहाव्या अध्यायात, प्रतिनिधीचा मोठा विचार आहे. यज्ञासाठी सांगितलेलं धान्य नष्ट झालं तर काय करायचं? व्रीहीच्या ऐवजी नीवार, म्हणजे रानातलं तांदूळ, चालेल. सोम मिळाला नाही तर पूतिका चालेल. म्हणजे द्रव्याला प्रतिनिधी आहे. पण देवतेला नाही, मंत्राला नाही. आणि यजमानालाही नाही, कारण फळ त्याचं आहे. अपवाद सत्राचा, जिथे अनेक यजमान मिळून दीर्घ यज्ञ करतात. त्यांतला एखादा मेला तर संख्या भरायला दुसरा आणतात. पण तो आणलेला माणूस कर्म करतो, स्वामी होत नाही. फळ त्याला लागत नाही. सीबीयूच्या करारात हेच तर लिहिलंय! बदली यंत्र सगळं कर्म करतं, स्वामित्व मूळ नोंदीचंच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना संगणक माहीत होते असं मी अजिबात म्हणत नाही, तसलं काही माझ्या नावावर पसरवू नका. त्यांना एवढंच माहीत होतं, की बदली माणूस ठेवला की हक्काचा प्रश्न उभा राहतोच, आणि तो आधी सोडवून ठेवलेला बरा.

इतर विक्रेत्यांनी हाच प्रश्न दिवस मोजून सोडवला. ओरॅकल या कंपनीचा प्रसिद्ध नियम आहे: सामाईक साठवणीवर जोडलेल्या गटात एक बदली यंत्र परवान्याशिवाय ठेवता येतं, वर्षाला एकूण दहा वेगवेगळ्या दिवसांपर्यंत. दिवस कसे मोजायचे? मंगळवारी दोन तास आणि शुक्रवारी तीन तास चाललं, तर पाच तास धरायचे नाहीत. दोन दिवस धरायचे. आमच्या लहानपणी सायकल तासाने भाड्याने मिळे, दहा मिनिटं जास्त झाली की दुकानदार पुढचा तास लावायचा, त्याची आठवण झाली. मायक्रोसॉफ्टने वेगळी रेघ ओढली. परवाना एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेला की नव्वद दिवस पुन्हा हलवायचा नाही. मात्र पहिलं यंत्र कायमचं निकामी झालं असेल तर लगेच हलवता येईल. 'कायमचं' हा शब्द इथे फार जड आहे. यंत्र मेलं तर परवाना सुटतो, नुसतं आजारी पडलं तर अडकतो. आणि फेलओव्हर तर बहुतेक वेळा आजारपणातच होतो. २००८च्या सप्टेंबरपासून कंपनीने तिच्या अनेक सर्व्हर प्रोग्रॅमांना सर्व्हरांच्या एका समूहात ही नव्वद दिवसांची अट उठवली. पुढे देखभालीचा वार्षिक करार असलेल्यांना निष्क्रिय उभ्या असलेल्या बदली सर्व्हरची सवलतही दिली. म्हणजे थांबण्याची किंमत माफ झाली, पण ती माफी वर्गणीच्या आत बांधून.

आता एक अवघड जागा. मूळ यंत्र पडलंय हे बदली यंत्राला कळतं कसं? ते दर काही क्षणांनी 'आहेस का?' असं विचारत असतं. उत्तर आलं नाही की समजायचं, गेलं. पण समजा यंत्र गेलंच नाही, फक्त मधली तार तुटली. मग मूळ यंत्र आपलं काम करतंय, आणि बदलीनेही गादीवर बसून काम सुरू केलं. एकाच खात्याच्या दोन वह्या, दोन्ही खऱ्या असल्याचा दावा करणाऱ्या. या धंद्यात याला मेंदू दुभंगणं म्हणतात. आपल्याला तोतया प्रकरण आठवेल. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक जण उभा राहिला, अनेकांनी त्याला खरा मानला, साक्षीपुरावे झाले, आणि अखेर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. तिथे एक खरा आणि एक खोटा होता. इथे दोन्ही यंत्रं प्रामाणिक असतात, हीच अडचण. उपाय दोनच. एक, तिसरा साक्षीदार ठेवायचा आणि ज्याच्या बाजूला बहुमत तो खरा. दुसरा, गादीवर बसण्याआधी दुसऱ्याची वीज तोडून खात्री करून घ्यायची.

परवान्यालाही हाच दोष लागतो. तोच परवाना दोन्हीकडे वापरायचा नाही म्हटलं, पण मूळ यंत्राशी बोलणंच होत नसेल तर तिथला परवाना काढून कसा घ्यायचा? २०१३ साली आयबीएमने आपल्या मोठ्या पॉवर सर्व्हरांसाठी एंटरप्राइज पूल नावाची व्यवस्था आणली, तिने याचं उत्तर दिलं ते बघण्यासारखं आहे. एका गटातल्या यंत्रांमध्ये प्रोसेसर आणि स्मृती वापरण्याचे हक्क आता गिऱ्हाइकाने स्वतः, नियंत्रणाच्या पडद्यावरून हलवायचे. कंपनीला फोन नाही, परवानगी नाही. आणि मूळ यंत्राने आपले प्रोसेसर अजून सोडले नसले, तरी हक्क काढून दुसऱ्याला देता येतो. मूळ यंत्राच्या नावे 'परत न केलेले' असा शेरा लागतो आणि अठ्ठेचाळीस तासांची मुदत सुरू होते. तेवढ्या वेळात एकच हक्क दोन ठिकाणी जगतो, आणि कंपनी ते चालवून घेते. १९६९ पासून चालत आलेल्या 'एकाच ठिकाणी' या नियमात पडलेली ही छोटी फट मला या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची वाटते. विक्रेत्याने पहिल्यांदा कबूल केलं, की संकटात हिशेब मागून करता येतो.

सरावाबद्दल थोडं, कारण त्याची नोंद मुंबईतच आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले ते दुपारी ३.४५ ला सुरू झाले. तिथे परवान्याचा काही प्रश्न नव्हता, गैरसमज नको. पण सेबीने विचारलं ते हे, की बदली केंद्रावर काम का हलवलं नाही? बदली होतं, उभं होतं, आणि त्या दिवशी कामाला आलं नाही. पुढे २ मार्च २०२४ ला, शनिवारी, बाजाराने मुद्दाम खास सत्र ठेवलं, पहिला भाग मूळ केंद्रावरून आणि दुसरा भाग बदली केंद्रावरून, खऱ्या व्यवहारांसह. सराव केल्याशिवाय बदलीवर भरवसा बसत नाही. आणि जिथे परवाना दिवसांनी मोजला जातो, तिथे प्रत्येक सराव त्या दिवसांतूनच जातो की काय, ही धास्ती गिऱ्हाइकाच्या मनात असते. दहा दिवस आपत्तीसाठी राखायचे म्हणून सराव टाळणारे लोक असतात. मग आपत्ती येते तेव्हा दिवस दहाच्या दहा शिल्लक असतात आणि कोणाला काही जमत नसतं.

शेवटची पायरी अगदी अलीकडची. २०१९ साली पूल व्यवस्थेची दुसरी आवृत्ती आली. तीत गटातल्या सगळ्या यंत्रांचे सगळे प्रोसेसर जागेच असतात, निजवायचे नाहीत. गिऱ्हाइकाने एक पायाभूत क्षमता विकत घ्यायची, आणि सगळ्या यंत्रांचा मिळून वापर तिच्या वर गेला तर तेवढ्याचे पैसे मिनिटांच्या हिशेबाने भरायचे. काम या यंत्रावर असो की त्या, बेरीज तीच. फेलओव्हरमध्ये हलवायला परवानाच राहिला नाही, कारण तो कोणा एका यंत्रावर बसलेलाच नाही. आमच्या बँकेचं म्हणणं पूर्ण मान्य झालं म्हणायचं. फक्त ते मान्य होताना मीटर परत आला, तो १७६ तासांवाला, आता मिनिटांचा.

वेळ संपत आलीय, एक चिठ्ठी आलीय ती घेतो. विचारलंय, "सर, मग त्या दोन मीटरांमधल्या किल्लीचं काय झालं?" बरं झालं आठवण केलीत, मी विसरलोच असतो. ती किल्ली कंपनीच्या माणसाच्या खिशात असायची; यंत्र कोणासाठी चालतंय हे तो ठरवायचा. पूल व्यवस्थेत ती गिऱ्हाइकाच्या पडद्यावर आली. आता नव्या व्यवस्थेत मोजमाप आयबीएमच्या क्लाउडवरच्या नियंत्रण कक्षात जमा होतं. तिथला आकडा चुकीचा आहे असं तुमच्या बँकेला वाटलं तर तिने स्वतःचा दुसरा मीटर कुठे बसवायचा, हे मी माझ्या विद्यार्थ्याला विचारलंय. तो म्हणाला, सर, आम्हीही तेच शोधतोय.